तिसऱ्या सिलिंडरातलं पाणी

त्याच्याशी माझं पहिलं बोलणं झालं ते पाण्याच्या चवीवरून, आणि ते बोलणं कसलं, भांडणच होतं. सिरोंच्याच्या दवाखान्यात मी कंपाउंडर म्हणून नुकताच लागलो होतो. सकाळची गर्दी ओसरली होती. एवढ्यात खाकी अर्धी चड्डी घातलेला, कोपरापर्यंत काळा झालेला एक उंच माणूस आत आला आणि त्यानं काचेची एक लहान बाटली माझ्या टेबलावर आपटली. तळाशी थोडं पिवळट, तेलकट पाणी होतं. मी सवयीनं विचारलं, "लघवी कोणाची?"

"चाखून पाहा," तो म्हणाला.

मी खुर्चीतून उठलोच. त्यावर त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की जणू वेडा मीच आहे. मग स्वतःच करंगळी बाटलीत बुडवून जिभेवर टेकवली, डोळे मिटले आणि म्हणाला, "दूध हाये. साखर हाये. हे नदीचं पानी नोहे, डाक्टरभाऊ. कोन्या तरी बयेनं माह्या इंजनात देव न्हाऊ घातला!"

आणि ते खरं निघालं. प्राणहितेच्या घाटावर त्या काळी एक सरकारी मोटर लाँच असे. ती नेमकी कोणत्या खात्याची, यावर खात्यांचंही एकमत नव्हतं. हा माणूस त्या लाँचीचा मिस्त्री. लाँच कधी टपाल नेई, कधी लस टोचायला आम्हाला नेई आणि कार्तिकात पलीकडच्या कालेश्वरला जाणारी माणसं नेई. इंजिन बोटीच्या मध्यभागी, खड्ड्यासारख्या जागेत बसवलेलं. त्याचं धुराडं टपातून सरळ वर आलेलं, काळंभोर, गोल, तेल पिऊन गुळगुळीत झालेलं. कालेश्वरहून परतताना कोणा म्हातारीला त्यात महादेव दिसला आणि तिनं तांब्यात उरलेलं दूध-साखरेचं पाणी मोठ्या भक्तिभावानं त्याच्यावर ओतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी हँडल फिरेना. त्यानं चारही प्लग काढून हँडल मारलं, तर तिसऱ्या सिलिंडरातून पिचकारी उडाली ती थेट त्याच्या तोंडावर. चव तिथंच कळली होती. दवाखान्यात तो आला होता तो केवळ साक्षीसाठी. बोटीवरच्या लोकांनी त्याचं म्हणणं हसण्यावारी नेलं होतं.

मी चाखलं नाही, पण साक्ष दिली. तेवढ्यावर तो खूश झाला आणि आमची ओळख झाली, किंवा मी तिला ओळख म्हणत आलो. तो तिला काय म्हणत होता, ते मला कधी कळलं नाही.

सिरोंच्याला बदली म्हणजे शिक्षा, असं तेव्हा चांद्याच्या कचेऱ्यांत मानलं जाई. पाऊस लागला की नाले भरत, अहेरीकडचा रस्ता बंद होई आणि आम्ही चारदोन बाहेरची नोकर माणसं एकमेकांची तोंडं पाहून कंटाळत असू. मला घरची फार आठवण येई. संध्याकाळी खोलीत बसवत नसे. मग मी घाटावर जाई. तिथं ती लाँच असे आणि लाँचीत तो.

तो राहायचाच तिथं. घाटावर मिस्त्रीसाठी एक खोली दिलेली होती, तिच्यात त्यानं रॉकेलचे डबे ठेवले होते आणि स्वतः इंजिनाशेजारच्या फळीवर निजत होता. फाल्गुनात नदी आटली की लाँच वाळूवर ओढून ठेवत, ताडाच्या झावळ्यांनी झाकत. तेव्हाही हा आतच. चहूकडे तापलेली वाळू, पाणी पार पलीकडच्या काठाला लागलेलं आणि हे गृहस्थ कोरड्या बोटीत बसून भात शिजवतायत! रोज सकाळी तो हँडल घालून इंजिन हातानं फिरवी. जाम होऊ नये म्हणून, असं तो सांगे. मला वाटतं, दिवसाची सुरुवात कोणाला तरी हात लावून करावी, एवढंच त्यात होतं.

इंजिनाला तो 'बाई' म्हणे. लाडानं मुळीच नाही. मोठ्या घरच्या कर्त्या बाईला म्हणावं तसं, दबून. "बाई आज नाराज हाये." "बाईले ठंडीत उठवाचं म्हंजे वेळ द्या लागते." सुकाणूवर मल्लय्या नावाचा धिवर होता, नदी ज्याच्या तळहातावर होती असा गडी. तो मला एकदा हळूच म्हणाला, "डाक्टर, मिस्त्रीची खरी बाई दुसऱ्याच्या घरी नांदून राह्यली. हा लढाईवर बसऱ्याले गेला, खबर नाई, पत्ता नाई. तिनं किती दिवस वाट पाहाची?" त्यानं मिस्त्रीला तिच्याबद्दल कधी वावगं बोलताना ऐकलं नव्हतं. मीही नाही ऐकलं.

माणूस म्हणून तो सोयीचा नव्हता. एक तर बढाईखोर. "बसऱ्याले गोऱ्या साहेबाची बोट बंद पडली, चार मिस्त्री हात टेकून बसले, मंग मले बलावलं," ही कथा मी इतक्यांदा ऐकली, की त्यातल्या साहेबाच्या मिशाही मला पाठ झाल्या. दुसरं म्हणजे चूक त्याची कधीच नसे. बोट रेतीत बसली तर मल्लय्याची चूक. रॉकेल सांडलं तर डब्याची. भात करपला तर सरपणाची, आणि सरपण तर जंगलातनं आलेलं, म्हणजे शेवटी जंगलाची. मल्लय्या नि तो दिवसभर भांडत. ऐकणाऱ्याला वाटे, आता हातघाईवर येणार. दुपारी दोघं एकाच थाळीतले मासे खात.

आणि तिसरी त्याची खोड सगळ्यांत विचित्र. त्याचे आभार मानलेले त्याला चालत नसत. त्याच्या हुशारीचं कौतुक कितीही करा, तो ऐकत बसेल. पण "मिस्त्री, तुमचे उपकार झाले" असं कोणी म्हटलं, की स्वारी बिथरलीच. एकदा एका शेतकऱ्याचं तापानं फणफणलेलं पोर त्यानं बोट वाकडी करून दवाखान्यात आणलं. पोर बरं झालं, तसा तो शेतकरी नारळ घेऊन घाटावर आला. यानं नारळ घेतला, त्याच्या डोळ्यांदेखत नदीत भिरकावला आणि म्हणाला, "मी काय देव हाओ? चाल, जा घरी!" तो बिचारा रडकुंडीला आला. मी त्यावर मिस्त्रीला चांगलंच फैलावर घेतलं. तो खाली मान घालून प्लग घासता घासता म्हणाला, "उपकार झाला का मानूस बोलाले येते. मंग येतच राह्यते. मंग एक दिवस येत नाई. आपल्याले नाई जमत ते." मी विषय बदलला.

इंजिनातल्या पाण्याबद्दल मात्र तो तासन् तास बोले. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यानं मला ते बंबावरून समजावलं. आंघोळीच्या बंबात मधल्या नळीत विस्तव असतो आणि भोवती पाणी. इंजिनाचंही तसंच. सिलिंडर म्हणजे विस्तवाची नळी. तिच्याभोवती नदीचं पाणी पंपानं खेळवायचं, ते तिला थंड ठेवतं. आता पाणी बाहेरचं आत आलं, तर तीनच वाटांनी येणार. एक वरून, धुराड्यातून, पावसाचं नाही तर भक्तिभावाचं. दुसरी, इंजिनाचं डोकं आणि धड यांच्यामध्ये जे पॅकिंग असतं, ते फाटलं तर. ते बदलता येतं. आणि तिसरी वाट म्हणजे धडालाच चीर. तिच्यावर इलाज नाही. बंबाच्या नळीला चीर गेली की बंब मोडीत, तसंच.

"आन् पानी आत असताना हँडल जोरानं मारलं का?" मी त्याच्याच भाषेत विचारी.

"लोखंड वाकते," तो बोट वर करून म्हणे. "पानी नाई वाकत."

हे सगळं तो इतक्या चवीनं सांगे, की आपण रोज औषधाच्या बाटल्या भरून जन्म वाया घालवतो आहोत, असं मला वाटू लागे.

मग तो मोहफुलांचा हंगाम आला. नदी खंगली होती. लाँच वाळूवर ओढायची तयारी चाललेली. अशात एक माणूस धावत निरोप घेऊन आला, की वरच्या अंगाच्या एका गावात मोहफुलं वेचताना एका बाईला अस्वलानं फाडलं. ती मल्लय्याची बायको होती. माहेरी गेली होती.

मल्लय्या सरळ जाऊन सुकाणूवर बसला. मी पट्ट्या, आयोडीन, जे हाताला लागलं ते घेऊन चढलो. मिस्त्रीनं इंजिन कधी सुरू केलं ते मला कळलंही नाही. आम्ही पोचलो तेव्हा बाया तिला घेऊन काठावरच बसल्या होत्या. एक गाल फाटून लोंबत होता, मांडीचा लचका गेला होता आणि रक्त थांबत नव्हतं. मी जमेल तेवढं बांधलं, पण माझ्या बांधण्यानं ती वाचणार नव्हती. तिला सिरोंच्याला डॉक्टरांच्या हाताखाली पोचवायला हवं होतं, आणि लवकर.

परतीच्या वाटेत पाणी इतकं कमी होतं, की बोटीचा तळ जागोजागी रेतीला घासत होता. मी पुढे तिच्याजवळ होतो. मल्लय्या मागे सुकाणूवर, नजर पाण्यावर. थोड्या वेळानं तिला पाणी हवं झालं म्हणून मी भांडं घ्यायला इंजिनाच्या खड्ड्याशी गेलो आणि झाकण उघडलं, तर वाफेचा भपका तोंडावर आला. आत मिस्त्री बादलीनं इंजिनावर पाणी ओतत होता. ओतलेलं पाणी चरचरत उडून जात होतं. रेती ओढून पंप जाम झाला होता. आतलं पाणी बंद पडलं होतं, म्हणून तो बाहेरून ओतत होता. तापलेल्या लोखंडावर गार पाणी ओतलं की त्याला चीर जाते, हे त्यानंच मला शिकवलं होतं.

मी म्हणालो, "मिस्त्री, थांबवा ना इंजिन!"

"थांबवलं तर थंडी होऊन चालू व्हाले सांज होईन," तो म्हणाला. त्यानं तोंड दुसरीकडे फिरवून आणखी एक बादली रिती केली. मग विचारलं, "बाई जगन का?"

कोणती बाई, ते मला विचारावं लागलं नाही. मी म्हणालो, "लवकर पोचलो तर."

"मंग तुमी इथी काय करता? जा तिच्यापाशी. आन् झाकन लावा. मल्लाले दिसाले नोको."

आम्ही लवकर पोचलो. डॉक्टरांनी टाके घातले, मी सुया दिल्या. महिनाभर ती दवाखान्यात होती. मल्लय्या ओसरीत निजत होता. मिस्त्री तिला पाहायला एकदाही आला नाही. मल्लय्याला त्याचं फार लागलं. "एवढ्या सालाचा संगती," तो मला म्हणाला, "पन पोटात माया नाई त्याच्या."

आषाढात नदी भरली, लाँच पाण्यावर आली आणि पहिल्याच सकाळी तिसऱ्या सिलिंडरात पाणी निघालं. मी तिथं होतो. त्यानं प्लग काढला, हँडल फिरवलं, गढूळ पाण्याची पिचकारी उडाली. त्यानं करंगळी लावली, जिभेवर टेकवली आणि जाहीर केलं, "पावसाचं हाये. धुराड्यातून गेलं." धुराड्यावर त्यानं स्वतः टोपण बसवलं होतं. ते मी पाहत होतो आणि मी पाहतो आहे, हे तो पाहत होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी. मग दोष कालेश्वरच्या बायांचा, मग घाटावरच्या पोरांचा, मग पॅकिंगचा. पॅकिंग नवं घातलं, तरी पाणी. तो रोज पहाटे ते काढी, सिलिंडर पुसून कोरडा करी आणि लाँच सुरू होई. कोणाला पत्ता लागत नसे. तापलेल्या इंजिनात पाणी वाफ होऊन निघून जाई, पण ते येतच होतं. पूर्वी पाण्यावर तासन् तास बोलणारा माणूस आता पाण्याचं नाव काढलं की उठून जाऊ लागला. मला त्याची फार कीव यायची आणि कीव दिसली तर तो माझ्याशीही बोलणं बंद करील, म्हणून मी ती दाखवत नसे.

भादव्यात एका बाजाराच्या दिवशी लाँच माणसांनी भरली होती. ऐन धारेत इंजिन ठसकलं आणि तीन सिलिंडरांवर आलं. बोट वाहू लागली. बायका ओरडायला लागल्या. मल्लय्यानं सुकाणूवर सारा जीव टाकून तिला खूप खाली एका वाकणात लावली. कोणाला काही झालं नाही. पण काठावर उतरलेली माणसं आपापली पोरं कशी चाचपून पाहत होती, ते मिस्त्री खड्ड्यातून डोकं वर काढून बघत राहिला.

त्याच सुमारास निरोप आला, की रस्ता उघडला की चांद्याहून इंजिनियर साहेब येणार आणि लाँच ठेवायची की मोडीत काढायची ते ठरवणार. त्या संध्याकाळी मी घाटावर गेलो, तर तो माझी वाटच पाहत असावा. मी बसताच म्हणाला, "डाक्टरभाऊ, मानूस वाचत नाई असं दिसलं, तर तुमी त्याले सांगता?"

"त्याला नाही सांगत. डॉक्टर नातेवाइकांना सांगतात."

त्यानं इंजिनावर हात ठेवला. "हिचा तर मीच हाओ," तो म्हणाला. "मले मालूमच हाये."

मी म्हणालो, साहेबांना पॅकिंगच सांगा. त्यांना कुठं कळणार आहे? चीर बारीक आहे. आणखी एखादा हंगाम निघेल. हे मी मनापासून म्हटलं, आणि त्यात माझा स्वार्थही होता. ती लाँच नसती, तर मी संध्याकाळी कुठं जाणार होतो?

साहेब आश्विनात आले. भला माणूस होता. आल्या आल्या त्यांनी बाह्या सावरल्या आणि स्वतः खड्ड्यात उतरले. इंजिन किती स्वच्छ ठेवलंय, म्हणून मिस्त्रीची पाठ थोपटली. पाणी येतं ते कशानं, असं विचारलं. मिस्त्री म्हणाला, "पॅकिंग, साहेब." साहेबांनी इकडे तिकडे ठोकून पाहिलं आणि म्हणाले, "असेल. नागपूरहून चांगलं पॅकिंग मागवू. बोटीची इथं गरज आहे, उगाच मोडीत काढण्यात अर्थ नाही. काढू अजून एक-दोन हंगाम."

सुटलो, असं मला झालं. मल्लय्यानं तर आकाशाकडे पाहून हात जोडले. साहेब रुमालाला हात पुसत वर यायला निघाले, आणि मिस्त्री म्हणाला, "थांबा साहेब."

त्यानं पाना घेतला. काही न बोलता एकेक नट काढून इंजिनाचं डोकं उतरवलं आणि बाजूला फळीवर ठेवलं. आता चार सिलिंडर वरून उघडे दिसत होते, विहिरींसारखे. त्यानं तिसरा फडक्यानं पुसून लख्ख केला. मग तांब्यानं भोवतीच्या पोकळीत पाणी भरलं, पण काठोकाठ नाही. काठाच्या बरंच खाली ठेवलं, म्हणजे पॅकिंगचा संबंधच उरला नाही. आता आत पाणी आलं, तर ते धडातूनच येणार. "मल्ला," तो म्हणाला, "साहेबाच्या सामानातला दाढीचा आरसा घे. ऊन आत पाड."

मल्लय्यानं टपावर उभं राहून आरसा धरला. उन्हाचा कवडसा सिलिंडरात उतरला. साहेब, मी, मिस्त्री, तिघंही वाकून पाहत होतो. भिंत कोरडी होती, चकचकीत. बराच वेळ ती तशीच राहिली. मी मनातल्या मनात देवाला म्हणत होतो, राहू दे, तशीच राहू दे. मग अर्ध्या उंचीवर एक थेंब दिसला. टाचणीच्या टोकाएवढा. तो फुगला, लोंबला आणि घरंगळत खाली गेला. मिस्त्रीनं फडक्यानं ती जागा पुसली. तिथंच दुसरा आला.

"भरल्या नदीत, मानसं असताना बंद पडन," तो म्हणाला. "धड गेलं साहेब. नोको चालवू आता."

साहेब सावकाश सरळ झाले. त्यांनाही वाईट वाटलं असावं. पण काम ते काम. त्यांनी विचारलं, "भलतं तापल्याशिवाय अशी चीर जात नाही. हे झालं कसं?"

मिस्त्रीनं वर पाहिलं. मल्लय्या अजून आरसा धरून उभा होता. मी तोंड उघडलं. मिस्त्रीची नजर माझ्यावर आली आणि मी ते मिटलं.

"झोप लागली मले," तो म्हणाला. "होळीच्या आंधी, रिकामी बोट आनताना. पंप रेतीनं भरला, समजलंच नाई. चूक माही हाये."

चूक माही हाये. जंगलावर करपल्या भाताचा दोष ठेवणारा हा माणूस! साहेबांचा चेहरा कठोर झाला. मल्लय्यानं आरसा खाली घेतला. त्याला क्षणभर विश्वासच बसेना. "झोपला?" तो ओरडला. "आमी वर जीव मुठीत धरून बोट हाकतो, आन् तू खाली झोपला? माह्या पोराबाळायचं का आता?" रोज शब्दाला शब्द देणारा मिस्त्री फडकं पिळत उभा राहिला. मल्लय्या बोटीतून उतरून चालता झाला.

लाँच मोडीत गेली आणि मिस्त्रीची नोकरी निष्काळजीपणाच्या शेऱ्यासह गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी मी घाटावर गेलो, तर तो मोडीत निघालेल्या इंजिनाला तेल लावत होता. मला राग अनावर झाला होता. मी म्हणालो, "खरं सांगितलं असतं, तर साहेबांनी तुम्हाला ठेवलं असतं. निदान मल्लय्यानं तरी तुमचं नाव काढलं असतं. काऊन केलं हे?"

"त्याले रोज बायकोचं तोंड पाहाचं हाये," तो म्हणाला. "गालावरचे टाके दिसले का त्याले बोट आठवन, नोकरी आठवन. मंग तो तिच्यावर राग काढन, नाई तर माह्या पाया पडाले येईन. दोनी वाईटच. तुमी बोलाचं नाई, डाक्टरभाऊ."

मी शब्द दिला. तो आलापल्लीच्या मोटारीनं गेला तेव्हा त्याला पोचवायला मी एकटा होतो. एक वळकटी, एक पत्र्याची पेटी. मी काही चांगलं बोलायला जाणार, तर त्यानं आधीच हात आडवा केला. "आता तुमी नोका सुरू करू," एवढंच म्हणाला. मोटार गेली आणि मी रस्त्यातच रडलो. त्या गावात माझं तेवढं एकच माणूस होतं, हे मला तेव्हा समजलं. पुढे कोणी म्हणालं, तो राजुऱ्याकडे एका गिरणीत दिसला. कोणी म्हणालं, तो नव्हेच. मला त्याचा पत्ता लागला नाही.

लाँच गेल्यावर मल्लय्या पुन्हा डोंगा हाकू लागला. बऱ्याच वर्षांनी माझी बदली झाली, त्याच्या आधी एकदा लस टोचायला म्हणून मी त्याच्या डोंग्यातून वरच्या गावांना निघालो होतो. ऊन भयंकर होतं. मल्लय्या आता वयानं थकला होता. वल्ह्यागणिक त्याच्या छातीचा भाता वरखाली होत होता. त्याची बायको माशांची पाटी घेऊन समोर बसली होती. गालावरचा टाक्यांचा वण पांढरा पडला होता, पण चेहरा सावरला होता. अंगानंही ती भरली होती. ती नवऱ्याच्या घामाकडे पाहत होती, आणि एकदम चिडून मला म्हणाली, "पाहा जी डाक्टर, या वयात काय हाल होऊन राह्यले यायचे. तो मुर्दा मिस्त्री झोपला नसता, तर आज बोट नसती का?"

मल्लय्यानं वल्हं थांबवून माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या गालाकडे पाहिलं.

"हो बाई," मी म्हणालो. "झोपच लागली त्याला."